आमदारांचा खोकला

सुर्वेकाकांच्या तोंडी सारखे आमदार. "आमचे आमदार म्हणायचे, पट्टा ओढून बघितल्याशिवाय घोड्यावर बसू नये." चहात साखर किती घालायची, याबद्दलसुद्धा आमदारांचं काहीतरी मत असायचंच.

मला वाटलं, काकांच्या गुहागरकडची कोणी बडी असामी असेल. माझ्या मेहुण्याची बदली अडली होती, म्हणून भीतभीत काकांना म्हटलं, आमदारांकडे जरा शब्द टाकता का? काका गंभीरपणे म्हणाले, "टाकला असता हो. पण त्यांना जाऊन शंभर वर्षं झाली. आणि मतदारसंघ पडला ओहायोत."

घ्या! आमदार निघाले अमेरिकेतले. घोड्यांची खोगिरं शिवता शिवता राज्याच्या विधानसभेत पोचलेले. काका सिंगापुरात जहाजदुरुस्तीच्या यार्डात फिटर, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना या गृहस्थाचं चरित्र मिळालं होतं. दर रविवारी सकाळी इमारतीखालच्या सार्वजनिक फोनमध्ये कार्ड घालून ते गुहागरला काकूंना त्यातलं पुढचं सांगत. वीस वर्षं लांब राहून "जेवलीस का?" "जेवले" याच्यापुढे दोघांचं बोलणं सरकेना, म्हणून ही युक्ती.

एकदा मी ते पुस्तक वाचायला मागून आणलं. आमदार दुसरी निवडणूक हरतात आणि नव्वदाव्या पानावर चक्क मरतात. त्याच रविवारी काका फोनवर सांगत होते, आमदारांनी नदीवर पूल मंजूर करून आणला! मी पकडलंच त्यांना. काका खाली बघत खोकले आणि म्हणाले, "मारलं त्यांना, तर पुढच्या रविवारी हिच्याशी काय बोलू?" मला माझीच लाज वाटली.

तो खोकला महिनाभर चालला होता. पण तिथल्या नोव्हेना भागातल्या डॉक्टरचं नाव काढलं की काका म्हणायचे, आमदारांनी जन्मात औषध घेतलं नाही.

मे महिन्यात मी सुट्टीवर गेलो, तेव्हा काकांनी घरी दिलेलं सामान पोचवायला गुहागरला गेलो. काकूंनी कोकम सरबत दिलं आणि पहिलं विचारलं, "आमदारांचा खोकला कसा आहे?"

मी गडबडलो. म्हटलं, बराय की.

"खरं सांगा. स्वतःचं दुखणं हे कधी सांगायचे नाहीत. आमदार आल्यापासून मला सगळं कळतं."

मग मी खरं ते सांगितलं. निघताना त्यांनी अडुळशाच्या चाटणाची बरणी फडक्यात घट्ट बांधून माझ्या हातात दिली.

"आमदारांना द्या," म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा. नको म्हणतील, तुम्ही समोर उभे राहा."