नसलेल्या आजारावर संगीतोपचार

संगीतोपचाराबद्दल काहीही विचारायचं असेल तर मला विचारा. नसलेला आजार संगीताने बरा करून घेतलेला आख्ख्या उत्तर मिनेसोटात मी एकटाच!

माझी बायको मार्लिस जानेवारीत गेली. जानेवारीत आमच्याकडे जमीन गोठून लोखंडासारखी होते, म्हणून दफन मे महिन्यावर गेलं. "कबरीपाशी तूच दोन शब्द बोल, आर्विड," पाद्रीबाई म्हणाल्या. दोन शब्द! आमच्या संसारात बोलण्याचं खातं मार्लिसकडे होतं, माझ्याकडे बर्फ उपसण्याचं. आणि आता तिचं नाव घ्यायला गेलो की घसा गोठलेल्या नळासारखा बंद! ती मातीत जाणार आणि मी खांबासारखा उभा राहणार, या धास्तीने माझी झोप उडाली.

"बाबा, दवाखान्यात दुःखातल्या माणसांसाठी संगीतोपचार असतो," मुलगी किर्स्टन म्हणाली. "मंगळवारी जा. गाता यायला हवं असं नाही."

"मग तिथे करतात काय?"

"जाऊन बघ ना!"

"एका बैठकीत उरकून येतो," मी म्हणालो.

दवाखान्यात समोरासमोर दोन दारं. एकातून पियानो ऐकू आला, मी आत शिरलो. चारपाच म्हातारे गोलात बसले होते. पियानोवरची तरुण बाई, तिचं नाव जोडी, वळून म्हणाली, "या! नाव काय तुमचं?"

ती वाजवत होती ते भजन मार्लिस भांडी घासताना गुणगुणायची. मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बर्फावर टाकलेल्या माशासारखा!

"घाई नको. इथे सगळ्यांचं असंच आहे," जोडी म्हणाली. "बोलण्याची वाट बंद पडली तरी गाण्याची बहुतेक वेळा उघडी असते. आपण तिकडून जाऊ."

"च्यायला!" शेजारचा गृहस्थ म्हणाला.

"हा डेल्मर. पक्षाघातानंतर याला तेवढंच बोलता येतं. पण गातो छान!"

पक्षाघात! दुःखातल्यांचं समोरचं दार सोडून वाचा गेलेल्यांच्या वर्गात येऊन बसलो होतो मी! तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आमच्याकडे समोरच्याला 'तुमची चूक होतेय' म्हणण्यापेक्षा माणूस आजारी पडणं पसंत करतो.

"सुरुवात रोज लागणाऱ्या गोष्टीने करायची," जोडीने चित्रं पुढे ठेवली. मी मुकाट कपावर बोट ठेवलं. तिने माझा डावा हात धरून टेबलावर हळूहळू ठेका धरला. आधी नुसतं गुणगुणली, मग एक सूर वर, एक सूर खाली. "कॉ-फी-दे-ना!"

"कॉ-फी-दे-ना," मी गायलो. घसा सुटला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "पहिल्याच दिवशी!" जोडीचे डोळे भरून आले. आता या बाईला खरं कसं सांगणार?

मग गावात फिरणं धोक्याचं झालं. दुकानात बटाटे मागायला तोंड उघडतो, तर मागे रांगेत जोडी! "कॉ-फी-दे-ना," मी गायलो. बटाट्यांऐवजी कॉफीचे डबे घेऊन घरी आलो.

पुढच्या मंगळवारी दवाखान्याबाहेर माझी गाडी चिखलात रुतली. मी तिच्या सात पिढ्या उद्धरल्या, न अडखळता! वर पाहिलं, तर शेजारच्या गाडीच्या खिडकीत डेल्मर.

आत गेल्या गेल्या माझ्याकडे बोट रोखून त्याने गायलं, "हा-बोल-तो!"

संपलं सगळं!

"डेल्मर!" जोडी ओरडली. "नवीन वाक्य! स्वतःचं स्वतः!" पुन्हा टाळ्या. डेल्मर लालबुंद. "च्यायला! च्यायला!"

दफनाच्या दिवशी पाहतो तर आख्खा वर्ग हजर. किर्स्टनने दवाखान्याला आमंत्रण पाठवलं होतं. आता धड बोललो तर चोरी पकडली जाणार, न बोललो तर मार्लिस दोन शब्दांवाचून जाणार. पाद्रीबाईंनी मान डोलावली. मी पुढे झालो, आणि घसा खरोखरच बंद पडला.

किर्स्टन बघत होती. शवपेटी बघत होती, असं मला वाटलं.

डावा हात आपोआप मांडीवर पडू लागला. वर्गातल्या म्हाताऱ्यांनीही तोच ठेका धरला. डेल्मरनेसुद्धा.

"कॉ-फी-दे-ना," माझ्या तोंडून निघालं. आणि त्याच ठेक्यावर, जानेवारीपासून पहिल्यांदाच, "मार्-लिस."

रोज सकाळी मी तिला एवढंच तर म्हणायचो. किर्स्टन हुंदके देत माझ्या गळ्यात पडली. "आई ऐकत असेल, बाबा."

आई ऐकत होती की नाही ठाऊक नाही, पण चर्चच्या बायकांनी ऐकलं. शोकात बुडालेल्या माणसाने कॉफी मागितली म्हटल्यावर तिघी थर्मास घेऊन कबरीपाशी धावत आल्या! कॉफी पातळ होती. मार्लिसने तसं तोंडावर सांगितलं असतं.

इतक्यात जोडी किर्स्टनचे हात धरून म्हणाली, "पक्षाघातानंतर इतकी सुधारणा मी कधी पाहिली नाही!"

"कसला पक्षाघात?" किर्स्टन माझ्याकडे वळली. "बाबा?"

मी एक मोठा घोट घेतला, आणि जमेल तितका वेळ तोंडातच धरून ठेवला.