दोन गुणांची दुरुस्ती

"खरं सांग हं," असं म्हणून नवऱ्यानं केकचा तुकडा तिच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः खुर्ची ओढून समोर बसला.

तिनं घास घेतला, सावकाश चावला, वर पाण्याचा घोट घेतला. "संत्र्याची साल बेताची पडलीय. मिरीची चुणचुण मागाहून येते, ती कल्पना चांगली आहे. पण मध्ये ओलसर राहिलाय आणि खालची कड करपलीय."

"गुण?"

"वीसपैकी तेरा."

"गेल्या रविवारी बारा होते," नवरा मुलीकडे वळून म्हणाला. बढती मिळाल्यासारखा त्याचा चेहरा खुलला होता.

या घरात रविवार असाच उजाडायचा. नवरा टपाल खात्यातून निवृत्त झाला होता आणि वेळ कसा घालवावा या विवंचनेतून थेट केकच्या भांड्यात उतरला होता. ती स्वतः पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेची प्रमुख. नव्यानं रुजू होणाऱ्या मुलामुलींना यंत्रं दाखवायच्या आधी ती नीतिमत्तेचा एक तास घ्यायची. हेतू म्हणजे काय, कर्तव्य म्हणजे काय, आणि आपला हितसंबंध असेल तिथं आपण निवाडा का करू नये, हे सगळं ती त्यात समजावून सांगायची. इमारतीत तिला सगळे तराजूबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं, आणि मनातल्या मनात या नावाचा तिला अभिमानच होता.

हा तराजू घरातही चालायचा. मुलगी लहानपणी चित्र काढून आणायची तेव्हा "घोडा छान आहे, पण पाय पाच आहेत," हे तिला ऐकून घ्यावं लागे. तीच मुलगी आता कॉलेजात तत्त्वज्ञान शिकत होती आणि परीक्षेत नीतिशास्त्राचा पेपर असल्यामुळे घरातल्या प्रत्येक गोष्टीला कुठल्या ना कुठल्या वादाचं नाव देत होती.

"बाबा, आई कर्तव्यवादी आहे. तुम्हाला वाईट वाटेल की बरं, हा हिशेबच तिच्याकडे नाही. खरं बोलायचं म्हणजे बोलायचं."

"आणि दुसरे कोण असतात?"

"परिणामवादी. ते म्हणाले असते, माणूस खूश होतोय ना, मग द्या अठरा."

"ते कुठे राहतात?" नवऱ्यानं आशेनं विचारलं.

त्याच आठवड्यात इमारतीचे सेक्रेटरी घरी आले. वार्षिक संमेलनात केकची स्पर्धा ठेवली होती आणि तिनं परीक्षक व्हावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मागच्या वर्षी परीक्षकांनी स्वतःच्या मेहुणीला पहिला नंबर दिला होता आणि तेव्हापासून दोन मजले एकमेकांशी बोलत नव्हते.

"माझे यजमान स्पर्धेत आहेत," ती म्हणाली. "मला नाही जमायचं. सरळसरळ हितसंबंध आहे."

"अहो बाई, म्हणूनच तर तुम्ही हव्यात! तुम्ही यजमानांना पाडाल याबद्दल इमारतीत कुणालाही शंका नाही."

आतल्या खोलीत भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

ती नाहीच म्हणणार होती. पण तिची नजर भिंतीवरच्या फळीकडे गेली. तिथं तिची सन्मानचिन्हं ओळीनं मांडलेली होती. त्यांच्या मधोमध नेहमी फुलदाणी असायची. ती कुणीतरी उचलून खिडकीत नेली होती आणि मोकळी झालेली जागा स्वच्छ पुसून ठेवली होती. कप बसेल एवढीच जागा. नवऱ्याला आयुष्यात कधी कप मिळाला नव्हता. नोकरीत निरोपाच्या दिवशी घड्याळ मिळालं, तेही सगळ्यांना मिळतं म्हणून.

तिच्याऐवजी दुसरा कुणी परीक्षक आला असता, तर मेहुण्या आणि भाच्यांच्या गर्दीत या माणसाचा केक कुणी चाखलाही नसता. ती हो म्हणाली, पण अटी घालून. कुणाचा केक कोणता हे तिला कळता कामा नये. सगळे तुकडे सारख्या मापाचे, सारख्या ताटल्यांत, वर आकड्यांच्या झेंड्या. कोणता आकडा कुणाचा हे फक्त मुलीला माहीत असेल. आणि आदल्या दिवशी वासावरूनही अंदाज येऊ नये म्हणून ती सुट्टी असूनही प्रयोगशाळेत जाऊन बसेल.

"आई, स्वतःच्या घरात नाक न्यायचं नाही म्हणजे कमालच," मुलगी म्हणाली.

"नाकाला हितसंबंध कळत नाहीत," ती म्हणाली.

संमेलनाच्या दिवशी सभागृहामागच्या खोलीत ती एकटी बसली. मुलगी दारातून एकेक ताटली आत द्यायची आणि चेहरा कोरा ठेवून परत जायची. पहिला केक साबणासारखा गुळगुळीत, दुसऱ्यात अंड्याचा वास. चौथा अगदी साधा, लोण्याचा, कसलीच सजावट नसलेला. पण काय भाजला होता! कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा. कुणीतरी मन लावून, नीट विचार करून केलेलं काम. तिनं सतरा लिहिले आणि मनाशी म्हणाली, ह्या नक्की तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांचा स्वभाव असाच नेमका. शिवाय गोड खाऊ घालणं त्यांच्या व्यवसायाच्या हिताचंच होतं.

मग सातवी ताटली आली.

पहिल्याच घासाला संत्र्याची साल. आणि गिळता गिळता जिभेच्या टोकाला मिरीची ती चुणचुण.

तिनं चमचा खाली ठेवला. कान तापले. म्हणजे साधलं त्यांना! मध्ये ओल नाही, कड करपलेली नाही. अठरा. निःसंशय अठरा. ऊर भरून आला आणि त्याच क्षणी ती घाबरली. हा आनंद केकचा की नवऱ्याचा?

तिनं दार किलकिलं केलं. "अगं, इकडे ये. मी एक ताटली ओळखलीय."

"आई, आपण बोलायचं नाही असं ठरलंय."

"ओळख पटल्यावर परीक्षकानं बाजूला व्हायला हवं. पण मी बाजूला झाले तर का झाले ते सांगावं लागेल, आणि मग त्यांचा केक सगळ्यांसमोर उघडा पडेल. स्पर्धाच बाद होईल."

"म्हणजे तू आता परिणामांचा विचार करतेयस," मुलगी कुजबुजली. "अभिनंदन."

"चेष्टा पुरे."

"बरं, तुझी खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"प्रयोगशाळेत कधी शंभर टक्के म्हणतेस का?"

"प्रयोगशाळेत मी पंचवीस वर्षं एकाच पाण्याबरोबर संसार केलेला नाही," ती म्हणाली. मुलीनं आकड्यांची यादी पाठीमागे लपवली. तिला आकडे माहीत होते आणि सांगायची मुभा नव्हती. गुप्तता पाळण्याच्या कर्तव्यावर दहा गुणांचा प्रश्न येतो, हे तिला ठाऊक होतं, पण ते पाळणं इतकं जड जातं असं पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

दार लावून ती पुन्हा बसली. आणि मग तिला, तिच्यासारख्या बाईलाच सुचेल, असा उपाय सुचला. प्रयोगशाळेतला एखादा काटा नेहमी थोडं जास्त वजन दाखवतो, हे कळल्यावर काटा फेकून देत नाहीत. जेवढं जास्त दाखवतो तेवढं वजा करतात. नवऱ्याचा केक तिला किती जास्त आवडला असेल? तिनं स्वतःला काटेकोरपणे तपासलं. दोन गुणांनी. अठरातून दोन गेले, राहिले सोळा. मन चरचरलं, फळीवरची मोकळी जागा डोळ्यांपुढे आली, पण तिनं सही केली. इतकी न्यायाची सही आपण क्वचितच केली असेल, असं तिला वाटलं.

सभागृह भरलं होतं. सेक्रेटरींनी माइक हातात घेतला, दोनदा फुंकर मारली आणि जाहीर केलं, "पहिला क्रमांक, ताटली चौथी!"

मुलीनं आकडा उघडला आणि जमिनीकडे पाहत नाव वाचलं. बाबांचं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. नवरा उठला, पुन्हा बसला, शेजाऱ्यानं ढकलल्यावर परत उठला. त्यानं कप दोन्ही हातांनी धरला. त्याच्याकडे पाहताना तिला आधी काहीच कळेना. मग तिनं मुलीच्या हातातला कागद ओढून सातवा आकडा बघितला. डॉक्टरीणबाई.

आता गप्प बसायलाही एक बाजू होती. हेतू शुद्ध होता. कुणी विचारणार नव्हतं. नवऱ्याचा चेहरा तर असा होता की त्याच्याकडे बघून कुणीही परिणामवादी झालं असतं. नवऱ्यानं गर्दीतून तिच्याकडे बघून कप जरासा उंचावला.

ती उभी राहिली.

"एक मिनिट. निकालात चूक आहे. चूक माझी आहे."

सेक्रेटरींनी माइक तिच्याकडे वळवला.

"सातवी ताटली माझ्या यजमानांची आहे असं मी समजले. पक्षपात होऊ नये म्हणून तिचे दोन गुण कापले. ती त्यांची नव्हती. कापायला नको होते. त्यांची असती तरी नको होते, हे मला आत्ता कळतंय. जे चाखलं ते लिहायचं, एवढंच माझं काम होतं."

"म्हणजे माझे दोन गुण तुम्ही नवऱ्याचे समजून कापलेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो."

"आणि त्यांचे?"

"त्यांचे नाही कापले. ते मला तुमचे वाटले."

आधी मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं सभागृह हसायला लागलं. "सद्गुण हा दोन टोकांच्या मध्ये असतो," मुलगी कपाळाला हात लावून पुटपुटली. "आई पलीकडच्या टोकावरून खाली पडली."

सेक्रेटरी माइकवरच म्हणाले, "बाई, तुम्ही यजमानांना पाडाल याची खात्री होतीच. पण हातात कप देऊन पाडाल असं वाटलं नव्हतं!"

नवरा तोवर चालायला लागला होता. त्यानं खिशातून रुमाल काढला, कपावरचे स्वतःच्या बोटांचे ठसे नीट पुसले आणि कप डॉक्टरीणबाईंपुढे धरला. त्या मागे सरकल्या.

"नाही हो, मला नाही घेववत. तो केक मला यांनीच शिकवलाय!" त्यांनी सगळ्यांकडे बघत सांगितलं. "माझ्या केकची दर वेळी वीट व्हायची. स्पर्धेची पाटी लागायच्याही आधी मी यांच्याकडून रेसिपी मागून घेतली. हा खरा यांचाच केक."

"रेसिपी माझी, हात तुमचे," नवरा म्हणाला. "स्पर्धा हाताची होती. घ्या."

घरी येऊन दार लावल्यावर तिनं विचारलं, "अहो, तुम्ही तुमचा नेहमीचा केक का नाही केलात? मिरीचा?"

"तू परीक्षक झालीस ना."

"मग?"

"तू पहिल्या घासाला ओळखणार. आणि ओळखलंस की मला पाडणार. म्हणून तू कामावर गेलीस की रोज दुपारी नवा केक शिकलो. खिडक्या उघड्या टाकून."

"आणि पुरावा मी खाल्ला," मुलगी म्हणाली. "दोन किलो वाढले."

तिला ते लागलं. "म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता तुमचा."

"होता ना!" नवरा मनापासून म्हणाला. "पूर्ण विश्वास होता. म्हणून तर केक बदलला."

दुसऱ्या दिवशी ती कामाला निघाली तेव्हा खाली फाटकाशी नवऱ्याचा आवाज चढलेला ऐकू आला. तो पहारेकऱ्याला सांगत होता, "सगळ्या सभागृहासमोर! कप माझ्या हातात, टाळ्या चालू, आणि ही उभी राहते! आहे कुणाची टाप? तुमच्या ओळखीत आहे का अशी एक तरी बायको?" पहारेकरी नाही म्हणाला, आणि तेही सुटकेच्या सुरात. संध्याकाळपर्यंत हीच हकीकत वाणी, न्हावी आणि एकमेकांशी अबोला धरलेले दोन्ही मजले यांना ऐकून पाठ झाली होती. कप मिळाला असता तर नवरा एवढा मिरवला असता की नाही, शंकाच होती.

रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरातून ताटली घेऊन बाहेर आला आणि फळीपाशी थबकला. मोकळ्या जागेत बाटलीचं एक बूच उभं केलेलं होतं आणि त्यात खोचलेली होती कागदाची झेंडी. तिच्यावर चारचा आकडा. दोन्ही बाजूंची सन्मानचिन्हं जरा सरकवून तिला ऐसपैस जागा करून दिली होती.

त्यानं झेंडी बोटानं सरळ केली. मग खुर्ची ओढली, तुकडा तिच्या पुढ्यात ठेवला. संत्र्याचा वास आला.

"खरं सांग हं. किती?"

तिनं घास घेतला. सावकाश चावला. मिरीची चुणचुण आली, तशी ती हसली आणि ताटली पुढे करून दुसरा तुकडा मागितला.

"अगं, पण गुण?"

"आज मी परीक्षक नाही," ती म्हणाली.

"मग कोण?"

"हितसंबंधी," ती म्हणाली, आणि मुलीच्या ताटलीतलाही तुकडा उचलला.