पाच अक्षरं, एक हाक

नऊ वर्षं गायकेकाका रोज दुपारी चारला गॅलरीत येऊन जगात नसलेल्या माणसांना हाका मारत. "टोविऽक! ए टोविक!" छावणीतल्या आमच्या इमारतीत नव्यानं राहायला आलेल्यांना वाटायचं, यांचा कुत्रा हरवलाय. एका बाईनं तर जिन्याखाली शोधलंही होतं.

मी शेजारचा. वाळूजच्या कारखान्यात पहिली पाळी करून यायचं, दोन घास खाऊन आडवं व्हायचं, आणि डोळा लागतो न लागतो तोच एखादा टोविक हरवायचा. चिडून चिडून पुढं मला चिडायचाही कंटाळा आला.

टोविक हे डोमेन. म्हणजे इंटरनेटवरच्या घराची पाटी. काका अशा कोऱ्या पाट्या आपल्या नावावर करून ठेवत आणि दर वर्षी पैसे भरून राखत. उद्या एखाद्या कंपनीला नेमकं तेच नाव हवं झालं, की चढ्या भावानं विकायचं. "अर्थ नसला तरी चालतो," ते मला सांगत. "नसलेलाच बरा. इंग्रजीत पाच अक्षरं, एक हाक. मानसानं 'काय म्हनले?' इचारलं की नाव गेलं!" काकांची सगळी नोकरी बस स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात झाली होती. सोयगावची गाडी कुणाला शेगावची ऐकू आली तर काय होतं, हे त्यांनी भोगलं होतं.

बोलणंही तिथलंच. न विकलेलं नाव 'फलाटावर उभं' असायचं. शहराचं नाव बदललं तेव्हा जुन्या नावाची त्यांची दोन डोमेनं निकामी झाली. "गाडी रद्द," एवढंच म्हणाले. आजवर विकलं गेलं ते एकच, दौलताबादच्या एका सीताफळवाल्याला, तेही एका पेटीच्या बदल्यात. त्यातली दोन सीताफळं मला मिळाली, बहुधा झोपमोडीची भरपाई म्हणून.

पण नाव घ्यायचं की नाही, हे ठरायचं मंदाकाकूंवर. काकू स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या चालू, आणि काका गॅलरीतून नवं नाव पुकारणार. काकूंनी 'ओ' दिली तर नाव पास. "काय?" म्हणाल्या तर नापास. एकदा मात्र आतून आलं, "अवो, कोन मेला हा लोतिक? त्यालाच मागा आता चहा!" काकांनी ते नाव लगेच घेतलं. इतकं स्वच्छ ऐकू गेलं होतं ना!

या उन्हाळ्यात काकू गेल्या.

हाका बंद झाल्या. मला हवी होती ती शांतता मिळाली आणि झोप मात्र येईना. पंख्याकडं बघत मी टोविकची वाट पाहायचो. एवढी वर्षं करवादलो त्याची लाज वाटायची.

परवा त्यांच्याकडं चहा घेऊन गेलो. बऱ्याच नावांची मुदत आठवड्यात संपतेय, असं संगणकावर आलं होतं. काकांनी पैसे भरले नव्हते.

"समद्या गाड्या रद्द करतो आता," ते म्हणाले. "नवं एक सुचलंय, लई ग्वाड. पन पास कोन करनार?"

मी रिकामा कप घेऊन परत आलो.

काल चारला पडलो होतो. गॅलरीतून आवाज आला. माइकवाला नव्हे, साधा, घरातला. "झिमरो." जरा वेळानं, "ए झिमरो." तिसरी हाक आली ती अर्धीच, "झिम..." इतकीच. मी अंथरुणातूनच ओरडलो,

"ओऽ!"

पलीकडं खुर्ची सरकली.

"ऐकू आलं?"

"आलं की."

"कितव्या हाकेला?"

"पहिल्याच," मी म्हणालो.