डोरा मिलरची घाई

गोजाबाईंच्या वर्षश्राद्धाला दोन दिवस राहिले आणि टेपरेकॉर्डर बंद पडला. जेवणाचं सून सायली बघणार होती. बायकोसाठी आबाजींना एकच करायचं होतं, जेवणं झाली की डोरा मिलरचं गाणं लावायचं. साठच्या दशकातली ही इंग्रज गायिका गोजाबाईंची आवडती. शब्द कळत नसत, पण आवाज असा जड, ओढलेला, की आबाजींच्या डोळ्यांना धार लागायची. बिचारीचं फार जवळचं कुणीतरी गेलंय, हे त्यांना तीस वर्षं पक्कं ठाऊक होतं.

डांगे चौकातल्या अय्याजने तासाभरात टेप चालू करून दिला. आबाजींनी घरी येऊन बटण दाबलं, तर डोरा मिलर टुणटुणीत आवाजात पळतच सुटली.

ते तसेच परत गेले. "अय्याज, ह्यात ही कोनती बाई घातलीस?"

"तीच आहे काका! बेल्ट सैल झाला होता, म्हणून ती इतकी वर्षं हळू गात होती. नवा टाकला."

"मंग जुना टाक."

"तो आत्ताच घंटागाडीत गेला की!"

अय्याजची मुलगी सना कॉलेजात होती. तिने कान देऊन ऐकलं. "आजोबा, हे दुःखाचं नाहीच. ती मैत्रिणींना म्हणतेय, सुट्टी आहे, चला पोहायला."

"पोहायला?" आबाजी स्टुलावर बसले.

घरी सायलीने मोबाइलवर गाणं शोधून दिलं. तिथंही बाई घाईतच. "तुजा मोबाइल बी बिघाडलाय," आबाजी म्हणाले. मग दुकानात अय्याजने चाकाला घट्ट ग्रीस लावून पाहिलं. डोरा मिलर हळू झाली खरी, पण तिला मिशा फुटल्यासारखा आवाज यायला लागला.

"पूस ते," आबाजी म्हणाले. "मी बोटानं धरतो."

श्राद्धाची जेवणं झाली. आबाजी टेपचं झाकण काढून, फिरत्या चाकावर अंगठा ठेवून बसले. अंगठा दाबला की बाई रडायची, जरा सुटला की पोहायला निघायची. पाहुणे गंभीर चेहऱ्याने बघत होते. शेवटी अंगठ्याला मुंग्या आल्या, त्यांनी हात काढला आणि गाणं सुसाट सुटलं.

गोजाबाईंबरोबर कंपनीत पॅकिंगला असलेल्या तानुबाईंनी टाळीच वाजवली. "व्हय, ह्येच! जेवनाच्या सुट्टीत कॅन्टीनला असंच लागायचं. गोजा डबा धुता धुता कंबर हलवायची!"

"घरी तर मान खाली घालून ऐकायची."

"तुमी रडायला लागायचा ना दाजी! ती म्हनायची, टेप बिघाडलाय, पन ह्यांना सांगू कशी? येवढं मन लावून रडत्यात."

आबाजींनी अंगठा पुन्हा चाकाकडे नेला आणि मधेच थांबवला. डोरा मिलर तेवढी थांबली नाही.

तेवढ्यात अय्याज धापा टाकत दारात आला. "काका, मिळाला! भंगारवाल्याकडून अगदी तसलाच सैल बेल्ट आणलाय."

आबाजींनी बेल्ट घेतला, ताणून बघितला आणि परत त्याच्या हातात ठेवला.

"आधी जेवून घे," ते म्हणाले. "आन् आत जाता जाता आवाज वाढव जरा."