विजेविना धावणारी बदकं

एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. व्हिडिओ गेम कुठल्या मशीनवर आणायचा, हे मशीनची ताकद बघून कुणीही ठरवत नाही! जी कंपनी आपल्या गेमची फुकट जाहिरात करते, तिचं मशीन थोर. तिने हात आखडला, की तेच मशीन भंगार! बाकीची भाषणं झूठ.

आमच्या बदकांच्या शर्यतीच्या गेमलाही अशी एक कंपनी भेटली. तिचं मशीन अजून बाजारात यायचं होतं. नमुन्याचं काळं खोकं दाजींनी माझ्या टेबलावर आदळलं. "यावर गेम बसव!" दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान आणि आमच्या ऑफिसचे मालक.

अहो, जे मशीन कुणी विकत घेतलेलंच नाही, त्यासाठी कोण गाढव घाम गाळेल? मी खोक्याला बोटसुद्धा लावलं नाही. दाजींनी विचारलं की ठोकून द्यायचं, "मस्त पळतोय!"

आणि एक दिवस कंपनीचे टायवाले साहेब पाहणीलाच हजर!

दाजी कानाशी गुरगुरले, "आज गेम अडखळला तर करार गेला. मग मेहुणा असलास तरी तुला नारळ! तुझ्या ताईला काय सांगायचं, ते तुझं तू बघ."

मी कच्च्या गुरूचा चेला नाही! खोकं टीव्हीसमोर ऐटीत मांडलं, प्लग लावला, त्याचा हिरवा दिवा पेटला. टीव्हीची खरी वायर मात्र टेबलाखाली, चादरीआड दडवलेल्या माझ्या कॉम्प्युटरला!

बदकं सुटली. कंट्रोलर हातात घेऊन दाजी लहान पोरासारखे नाचायला लागले. "हाण! वळ! अरे, वळ ना मेल्या!" टायवाले घाम पुसत कधी खोक्याकडे, कधी टीव्हीकडे बघत होते. माझ्या कामाने भारावलेत, असं मी समजलो.

तेवढ्यात त्यांचा फोन मरायला टेकला. गडबडीत त्यांनी खोक्याचाच प्लग उपटला आणि चार्जर खोचला!

दिवा विझला. बदकं पळतच होती!

माझं काळीज तुटलेल्या लिफ्टसारखं तळमजल्यावर गेलं. दाजी मात्र खूश. "अरे वा! विजेशिवाय चालतं?"

"आत बॅटरी आहे," मी पुटपुटलो.

"आहे ना! बॅटरी आहे!" टायवाले माझ्याहून जोरात ओरडले.

आता हा माणूस मला का सांभाळून घेतोय?

दाजी कराराचे कागद आणायला आत गेले, तसे टायवाले माझ्या खुर्चीला चिकटले. "खरं सांगा हो, गेम चालतोय कशावर?"

मी डोळे मिटले आणि चादर उचलली.

टायवाले धपकन खाली बसले आणि हसत सुटले! "वाचलो! मला वाटलं भुताटकी! अहो, मशीन अजून तयारच नाही. या खोक्यात एक दिवा आणि वजनाला अर्धी वीट आहे!"

"सगळ्या गेमवाल्यांना विटाच पाठवल्या?"

"सगळ्यांना! आणि सगळ्यांचं उत्तर एकच, मस्त पळतोय! एकाच शहाण्याने कळवलं, की बाबांनो, आत वीट आहे."

"त्याला बक्षीस दिलंत?"

"छे! त्याचा करार मोडला. आमचे वरचे म्हणाले, याला आपलं मशीन झेपत नाही!"

दाजींनी सही केली आणि जागच्या जागी मला बढती दिली. सध्या नव्या लोकांना त्या मशीनवर गेम कसा बसवायचा, ते मीच शिकवतो. तुम्हाला काही अडचण आली तर विचारा... फक्त खोकं उघडू नका!