खिडकीजवळची सासू

चांगदेव मास्तरांची कथा तिसऱ्यांदा ‘साभार परत’ आली, तेव्हा पोस्टमन भिकानं पाकीट देताना एक सल्लाही दिला, “मास्तर, त्या सासूला मारू नका.”

मास्तर चमकले. आपलं नाव एकदा तरी दिवाळी अंकात यावं आणि अख्ख्या आळे गावानं ते वाचावं, एवढ्यासाठी ते त्र्याण्णव सालापासून झिजत होते. कथा करुण होती. सुनेशी भांडून घर सोडलेली सासू ओतूरच्या एसटी स्टँडवर एकटी प्राण सोडते, हा शेवट लिहिताना ते स्वतः दोनदा रडले होते. ती छापून यायच्या आधी पोस्टमननं वाचावी, याचा त्यांना भयंकर राग आला.

“पाकीट फाटूनच येतं,” भिका म्हणाला. “आतलं काय पडलं का, बघाया नको?”

खरा प्रकार पुढच्या आठवड्यात पिठाच्या गिरणीत कळला. दळण घेऊन आलेली म्हातारी साळुबाई तीच गोष्ट बायकांना रंगवून सांगत होती. भिकानं सांगितलेली, असंही वर सांगत होती. फक्त तिच्या गोष्टीत सून धावत स्टँडवर येते, सासूला ओढून परतीच्या एसटीत घालते आणि मग खिडकीच्या जागेवरून दोघी घरापर्यंत भांडतात. बायकांची हसून हसून पुरेवाट झाली होती.

मास्तरांनी भिकाला गाठलं आणि शेवट कोणाला विचारून बदललास म्हणून झाडलं.

“साळुबाई सोता सासू हाय, राव,” भिका शांतपणे म्हणाला. “तिच्या दारात सासू मारली, तर मला चहा कोण देईल?”

मास्तर तणतणत घरी आले. दाराला कडी लावून त्यांनी शेवटची दोन पानं फाडली, सासूला खिडकीजवळ बसवलं आणि कथा पुन्हा पाठवली.

ती दिवाळीत छापून आली. मास्तरांनी दहा अंक मागवून घरोघर दिले आणि कौतुकाची वाट बघत ओट्यावर बसले. पहिली साळुबाईच आली. नातीकडून तिनं सगळी कथा वाचून घेतली होती.

“मास्तर, भिकाची गोष्ट लई झ्याक लिवली तुमी,” ती म्हणाली. “पर त्याचं नाव टाकायचं ऱ्हायलं का?”

लिहिणं सोडावं असं मास्तरांना मनापासून वाटलं. पण तेवढ्यात संपादकांचं कार्ड आलं, आणखी एक कथा पाठवा म्हणून. महिनाभरानं मास्तरांनी नवं पाकीट भिकाच्या हातात दिलं.

भिकानं ते उलटून पाहिलं. “चिकटवायचं ऱ्हायलंय, मास्तर.”

“राहू दे,” मास्तर दुसरीकडे बघत म्हणाले. “आधी साळुबाईकडं चहा घेऊन ये.”