माल ज्याचा, डाग त्याचा

सिद्रामअण्णा तुमच्या घरी आले, तर त्यांना लगेच पाणी देऊ नका. ते घेणार नाहीत. चपला काढतील, "काय, बरं हाय का समदं?" म्हणतील आणि सरळ तुमच्या फ्रीजकडे जातील. बाकीची माणसं खिशाला पेन लावतात, अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्याला टेस्टर असतो. तो ते आधी फ्रीजच्या दाराला लावतात, मग कूलरला, मग मिक्सरला. त्याचा दिवा पेटला नाही की मान हलवून खुर्चीत बसतात आणि म्हणतात, "आणा आता पाणी."

जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीला याची सवय झाली आहे. नवख्यांची मात्र तारांबळ उडते. एका भाडेकरूने त्यांना वीज मंडळाचा माणूस समजून, थकलेल्या बिलाबद्दल आपणहून हात जोडले होते. एका बारशाला तर कहरच झाला. आत्याबाई बाळाच्या कानात कुर्र करायला वाकल्या आणि अण्णांनी "थांबा की जरा!" म्हणून विजेच्या पाळण्याला टेस्टर लावला. बिचारी आत्या तशीच वाकून राहिली. पाळणा निर्दोष निघाला, आत्याची कंबर मात्र धरली.

अण्णांचं सात रस्त्याजवळ चादरी-टॉवेलांचं दुकान होतं. घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी आणि दोन्हींच्या शेवटी 'हौदिल्लो?'. म्हणजे 'खरं की नाही?' उत्तरासाठी ते थांबत नसत. चादरीचा रंग गेला, सूत निघालं, काहीही होवो, माल परत घ्यायचे. काही बेरकी गिऱ्हाइकं हळद सांडलेली चादर आणून विणकरावर ढकलायची. अण्णांना ते कळायचं, तरी घडी मोडून दुसरी चादर हातात द्यायचे. "माल ज्याचा, डाग त्याचा. हौदिल्लो?" दुकान फार मोठं झालं नाही, याचं मला कधी नवल वाटलं नाही.

अशा माणसाने म्हातारपणी वॉशिंग मशीन घेतलं. कंपनी बडी. तिचं नाव मी लिहीत नाही. अण्णा ते घेतात तेव्हा त्याच्या मागेपुढे जे लावतात, तेही लिहिण्यासारखं नाही. महानंदाकाकूंना, म्हणजे अण्णांच्या पत्नीला, पहिल्याच आठवड्यात मशीनला हात लावला की मुंग्या यायला लागल्या. तक्रार केली. कंपनीचा माणूस आला, मशीनभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि "काकू, नवीन वस्तूचा भास होतो कधीकधी," असं सांगून गेला.

त्या भासाने ऐन उन्हाळ्यात एका सकाळी काकूंचा हात धरून ठेवला. अण्णांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तेव्हा सुटला. काकू वाचल्या, पण उजव्या हाताची बोटं काही मिटेनात. आजही मिटत नाहीत.

मग कंपनीने चौकशी केली. आधी म्हणाले, तुमच्या घराचं अर्थिंग खराब. अण्णांनी दोन वेगवेगळे वायरमन आणून अर्थिंग ठणठणीत असल्याचं दाखवलं. त्यावर कंपनीने शोध लावला की ग्राहकाने ओल्या हातांनी यंत्र हाताळलं. आता कपडे धुण्याच्या यंत्राला कोरडे हात लावणारी बाई मला तरी अजून भेटायची आहे. उद्या हे लोक तवे विकतील आणि सांगतील, चुलीवर ठेवू नका.

तेव्हापासून मशीन मागच्या पडवीत एका सोलापुरी चादरीखाली झाकलेलं आहे. अण्णा भंगारवाल्याला ते दाखवत नाहीत आणि दुरुस्तीवाल्याला शिवू देत नाहीत. पूजा झाली की ते कंपनीला फोन लावतात. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ही बाई बोलायला लागली की हे उलट विचारतात, "मग उचल की गं!" पुढे खरी मुलगी फोनवर आली की तिची आधी चौकशी. जेवलीस का, गाव कुठलं. ती बिचारी गोड आवाजात सांगते की सर, आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. "तुझ्या हितं बंद झाली असंल बाळ. माझ्या हितं चालू हाय." नंतर मोबाइलवर संदेश येतो, आमच्या सेवेला किती तारे द्याल? अण्णा तो काकूंना वाचून दाखवत नाहीत.

गल्लीत सगळे म्हणायचे की म्हातारा भरपाईवर डोळा ठेवून आहे. मीही तसंच धरून चालले होते.

काकू या भानगडीत कधी बोलत नाहीत. पूर्वी हसऱ्या, कुणाच्याही कार्यात पदर खोचून पुढे. आता लग्नाला जात नाहीत. पंगतीत डाव्या हाताने जेवायचं त्यांना जिवावर येतं. कुठल्याही बटणाला हात लावत नाहीत. एकदा भर दुपारी गेले तर पंखा बंद आणि काकू घामाने निथळत बसलेल्या. मी बटण दाबलं आणि विचारलं, "अण्णा नव्हते तर मला हाक नाही का मारायची?" म्हणाल्या, "कुनाला सारकं सारकं सांगायचं? माझ्याच वेंधळेपनानं झालं की हे समदं." त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं, की मला रडू आलं.

परवा अखेर कंपनीचा एक साहेब आला. मागे टेम्पोत नवंकोरं मशीन. अण्णांनी मला साक्षीला बोलावून घेतलं. साहेब तरुण होता, नम्र होता, घामाघूम झाला होता. म्हणाला, "काका, चूक आम्ही मान्य करत नाही. पण सदिच्छा म्हणून हे नवीन मॉडेल."

"मशीन नको," अण्णा म्हणाले. "एक वाक्य बोला फकस्त. हिच्याकडं बघून म्हना, काकू, तुमची चूक नव्हती. मग जावा."

साहेबाने काकूंकडे पाहिलं. मग स्वतःच्या बुटांकडे. "काका, तसं म्हणायचा मला अधिकार नाही."

"आख्खं मशीन द्यायचा हाय, आन् वाक्याचा न्हाई?"

"मी वरिष्ठांना विचारतो." तो बाहेर जाऊन बराच वेळ फोनवर बोलला आणि उजळलेल्या चेहऱ्याने परत आला. "सर म्हणाले, वॉरंटी वाढवून देऊ!"

मला हसू फुटलं आणि त्याची लाजही वाटली. अण्णा चिडले नाहीत. त्यांनी त्या पोराला पाणी दिलं आणि टेम्पोपर्यंत सोडून आले. आल्यावर पडवीच्या दारात उभे राहिले. 

काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याला कशाला दोष देलालाव? त्या दिवशी रिक्षात पयला तुमीच म्हनला की. वल्या हातानं कशाला मेलीस तितं म्हनून. कंपनी मागनं म्हनली."

दवाखान्यात नेताना त्या रिक्षात मीही होते. काकूंचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि अण्णा भीतीने ओरडत होते. भ्यालेला माणूस काहीही बोलतो म्हणून मी ते सोडून दिलं होतं. काकूंनी ते ऐकलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. अण्णांना मात्र ठाऊक होतं. आपण बोललेला शब्द खोटा ठरवायला ते कुणीतरी मोठं शोधत होते.

अण्णा खाली बसले. काकूंची ती उघडी राहिलेली बोटं त्यांनी आपल्या हातात घेतली आणि कन्नडमध्ये म्हणाले, "निंदेनू तप्पिल्ल." तुझी काही चूक नाही. एवढं कन्नड मलाही कळतं.

काकूंनी दुसऱ्या हातातली भाजी खाली ठेवली.

"परत म्हना," त्या म्हणाल्या.

अण्णांनी परत म्हटलं. 

काकूंनी डाव्या हाताने डोळ्यांना पदर लावला आणि माझ्याकडे वळल्या. "सुनीता, तू ऐकलीस न्हवं? न्हाईतर उद्या हे बी न्हाई म्हनतील."